शनिवार तेल्यांचे तेल

कोकणात आपल्या पूर्वजांना ‘बेने इस्राएल’ या नावाने ओळखणारे थोडे आणि ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखणारे सगळे, अशी स्थिती कित्येक पिढ्या होती. तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा, एवढी ओळख गावाला पुरत असे. इंग्रज सरकारने १८८३ साली काढलेल्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरात हे नाव आहे. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८९७ साली लिहून पुरा केलेला आणि चाळीस वर्षांनी, १९३७ मध्ये, तेल अवीवला छापला गेलेला आपला इतिहास, त्यातही ते आहे. नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटलेले गलबत, त्यातून वाचलेली सात जोडपी, गावांवरून पडलेली पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी आडनावे, हे सारे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण या तेल्यांच्या स्वतःच्या ताटात कोणते तेल पडत होते आणि किती, हे विचारायचे आपल्याला सहसा सुचले नाही. धंद्याचा इतिहास लिहिला गेला, चुलीचा राहिला.

आम्हाला तो प्रश्न पडला बर दुबईत. आमच्या कुटुंबाची काही घरे ठाण्यात, काही लोद आणि अश्दोदला, आणि एक घर बर दुबईत खाडीपासून चालत दहा मिनिटांवर. २०२० च्या सप्टेंबरात अब्राहम करार झाला, नोव्हेंबरात दुबई आणि तेल अवीव यांच्यामध्ये नेहमीची विमाने सुरू झाली, आणि इस्राएलचा पासपोर्ट असलेल्या भावंडांना या घराचा उंबरा पहिल्यांदा ओलांडता आला. मुंबईहून तीन तास, तेल अवीवहूनही तीन-साडेतीन. तेव्हापासून आम्ही वर्षातून एकदा इथेच जमतो. जमलो की स्वयंपाक आलाच, आणि स्वयंपाक आला की तेल आणायला कोणीतरी खाली उतरणार.

बर दुबई हे काही आपल्याला परके गाव नाही. ‘बर’ म्हणजे जमीन, पाण्याच्या पलीकडची मुख्य भूमी. खाडीच्या या तीरावर सिंधी, कच्छी, गुजराती व्यापाऱ्यांच्या पेढ्या पेट्रोल सापडण्याच्या कितीतरी आधीपासून होत्या. मुंबईहून कराची, मस्कत करीत येणारी ब्रिटिश इंडिया कंपनीची आगबोट इथे थांबत असे. त्यांतली ‘द्वारका’ तर १९८२ पर्यंत चालू होती. १९६६ पर्यंत इथे व्यवहार रुपयांत होत. त्याच वर्षी समुद्रात फतेह हे तेलक्षेत्र सापडले आणि ‘दुबईला तेल लागले’ या वाक्याला कायमचा एकच अर्थ आला. त्याआधी मुंबईहून या बंदरात उतरणारे तेल खाण्याचे आणि दिव्याचे असे. आजही मीना बाजाराच्या आसपासच्या कुठल्याही किराणा दुकानात शिरा, आपला सगळा इतिहास एका फळीवर मांडून ठेवलेला दिसतो. केरळचे खोबरेल, गुजरातचे शेंगदाणा तेल, तामिळ घरांसाठी तिळाचे, बंगाली-बिहारी घरांसाठी मोहरीचे, शामच्या बाजूचे आणि स्पेनचे जैतुनाचे, सूर्यफुलाचे पाच लिटरचे कॅन, गाईचे तूप, आणि खालच्या फळीवर वनस्पती तुपाचे डबे.

त्या फळीपुढे आमच्यातल्या तीन बायका उभ्या राहिल्या की तीन मते होतात. ठाण्याच्या काकी म्हणतात शेंगदाण्याचे. लोदची आत्या म्हणते जैतुनाचे. बर दुबईची सून कॅनकडे बोट दाखवते, कारण घरात माणसे चौदा आहेत आणि पैसे ती भरणार आहे. यात हसण्यासारखे आहे, पण एवढेच नाही. आमच्या घरातल्या मागच्या पिढीतल्या पाच भावांपैकी तिघांना साठीच्या आत हृदयाचा झटका आला. हे आमचेच दुर्दैव नव्हे. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट या मोठ्या पाहणीत दिसले की दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका इतर जगापेक्षा सरासरी पाच-सहा वर्षे आधी येतो. तंबाखू, मधुमेह, रक्तदाब, वाढलेले पोट अशी त्याची कारणे अनेक आहेत. स्निग्ध पदार्थ हे त्यांतले एक, आणि तेवढे एक तरी रोज आपल्या हातात असते.

तेव्हा आधी कोकणात जाऊ.

लाकडी घाणा म्हणजे एक मोठे उखळ, त्यात उभी लाट, लाटेला जोडलेले आडवे लाकूड आणि ते ओढत गोल फिरणारा, डोळ्यांवर झापड बांधलेला बैल. रायगडच्या किनारपट्टीत तीळ, कारळे, खोबरे, पुढे भुईमूग, जे पिकेल ते या उखळात पडे. तेल खाली उतरे, पेंड बैलाच्या आणि गाईम्हशींच्या वाट्याला जाई. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली, शनिवारी बंद ठेवणारे आपण. अनुवादाच्या पुस्तकात शब्बाथची आज्ञा सांगताना बैलाचा नावानिशी उल्लेख आहे, त्यालाही विसावा द्यायचा आहे. तोरा हाताशी नसताना, हिब्रू विसरली असताना, ही एक गोष्ट आपल्या लोकांनी धरून ठेवली याचे कारण कदाचित हेच असेल की ती बैलाला कळत होती. सहा दिवस फिरलेला बैल सातव्या दिवशी उभा राहिलेला साऱ्या गावाला दिसे.

पण ज्याच्या घरी घाणा, त्याच्या घरी तेलाची रेलचेल, असे समजू नये. गाळलेले तेल विकायला असे; त्यावर मीठ, कपडा आणि शेतसारा भागायचा. जुनी माणसे सांगत ते जेवण म्हणजे तांदळाची भाकरी किंवा भात, मासळीचे कालवण, कुळीथ, वाल, आणि फोडणीला पळीच्या टोकाला लागेल एवढे तेल. नंतरच्या काळात मुंबईच्या चाळीतसुद्धा पोराला वाण्याकडे धाडताना ‘नवटाकभर तेल आण’ असेच सांगितले जाई, म्हणजे पावशेराचे अर्धे. ते चार-सहा माणसांच्या घरात दोन-तीन दिवस पुरवायचे असे. आज पाच लिटरचा कॅन आडवा करून कढईत ओततात, तेव्हा माप नजरेला दिसतच नाही. आमच्या मते तेलाच्या प्रश्नातला निम्मा भाग या नवटाकात आणि कॅनमध्ये आहे. कोणते तेल, हा उरलेला निम्मा.

त्या तेलांत तिळाचा मान मोठा. ‘तेल’ हा शब्दच ‘तीळ’ यावरून आला आहे. तिळाचे ते तैल, आणि मग सगळ्यांचेच तेल. हडप्पाच्या उत्खननात जळके तीळ सापडले आहेत, आणि तिथूनच समुद्रमार्गे, म्हणजे याच आखातातून, तीळ इराककडे गेले असे बरेच विद्वान मानतात. अरबीत त्याला सिमसिम म्हणतात, हिब्रूत सुमसुम. बाबेलच्या आपल्या यहुदी बांधवांचे रोजचे तेल तेच होते. शब्बाथचा दिवा कशाने लावावा याची चर्चा मिश्नात आहे, दर शुक्रवारी रात्री पुष्कळ मंदिरांत ती वाचली जाते. रब्बी तार्फोन म्हणाले, फक्त जैतुनाचे तेल चालेल. त्यावर तलमुदात दुसऱ्या एका रब्बीने विचारले, मग बाबेलच्या लोकांनी काय करावे, त्यांच्याकडे तिळाखेरीज काही नाही? मादाय देशात फक्त अक्रोडाचे, अलेक्झांड्रियात फक्त मुळ्याच्या बियांचे, आणि कप्पदोकियात तर नुसते नफ्त, म्हणजे जमिनीतून निघणारे तेल! शेवटी निर्णय झाला तो असा की जिथे जे मिळते ते चालते. नफ्ताचा उल्लेख बर दुबईत बसून वाचताना आम्हाला मौज वाटली. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कोकणात जैतुनाचे झाड नसताना खोबरेलावर आणि तिळेलावर हनुक्काचे दिवे लावणाऱ्या आपल्या आज्यांनी काहीही उणे केले नव्हते.

दिव्याचे झाले, पोटाचे वेगळे. पोटासाठी तोराने स्वतःच एक रेघ ओढली आहे. बैल, मेंढी आणि बकरी यांची आतली चरबी, जिला ‘हेलेव’ म्हणतात, ती खायची नाही. शोहेत ती काढून टाकतो. शिवाय मांस आणि दूध एकत्र नको. म्हणजे मटणाच्या जेवणात तूप, लोणी, दही, साय सगळे बाद. आसपासच्या मुसलमान घरांत पुलाव तुपात होई, हिंदू घरांत सणाला वरणभातावर तूप पडे; आपल्याला दोन्ही मार्ग बंद. मग उरला नारळ. आमटीला नारळाचा रस, खिरीच्या सणाला नव्या तांदळाची खीर नारळाच्या दुधात, रोश हशानाला चिकाचा हलवाही नारळाच्या दुधातच. मलिद्यात पोह्यांवर ओले खोबरे. बेने इस्राएल स्वयंपाकाची जी चव आपण सांगतो ती बरीचशी या एका अडचणीतून निघाली आहे.

आणि याच अडचणीत वनस्पती तूप आपल्या घरात शिरले.

द्रव तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याची युक्ती विल्हेल्म नॉर्मन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९०२ साली पेटंट केली. १९११ साली अमेरिकेत सरकीच्या तेलापासून केलेली ‘क्रिस्को’ नावाची पांढरी चरबी बाजारात आली, आणि तिच्या कंपनीने यहुदी गृहिणींना गाठले. ना दूध, ना मांस, दोन्हींबरोबर चालेल असे पारवे! १९३३ साली त्यांनी यिद्दिश आणि इंग्रजी अशा दोन भाषांत पाककृतींचे पुस्तकही काढले. इकडे मुंबईत, केहिमकरांचे पुस्तक तेल अवीवला छापले गेले त्याच १९३७ साली, ‘डालडा’ विकायला आले. आधी ‘दादा’ नावाची एक हॉलंडची कंपनी असे घट्ट तेल आणून विकत असे. लिव्हर कंपनीने त्या नावात आपला ‘ल’ घातला. पिवळ्या डब्यावर हिरवे ताडाचे झाड. दिसायला तुपासारखे रवाळ, किमतीला तुपाहून कितीतरी स्वस्त, आणि वनस्पतीचे असल्यामुळे मटणाबरोबर निर्धोक.

बाकीच्या समाजाला डालडा म्हणजे तुपाची नक्कल वाटे, म्हणून ते वापरताना थोडी लाज असे. आपल्याला ती लाज नव्हती. आपल्या बायकांना पहिल्यांदाच मटणाचा पुलाव ‘तुपात’ करता आला, पुरीमच्या पुरणपोळीला जेवणानंतरही गोडवा आला, लग्नातल्या आचाऱ्याला देता येईल असे काहीतरी मिळाले. हा आनंद खोटा नव्हता. मराठीत म्हण आहे, तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले. आमच्या घरी हाती डालड्याचा डबा आला, आणि रिकामा झाल्यावर त्यात तांदूळ भरले गेले, पाणी भरले गेले, गॅलरीत गुलाब लावला गेला.

त्या काळी देशात वनस्पतीवरून मोठा वाद झाला. शुद्ध तुपात त्याची भेसळ होई, म्हणून १९५० च्या सुमारास संसदेत बंदीची मागणी झाली. निदान रंग तरी द्या, असे पुष्कळांचे म्हणणे होते. टिकाऊ आणि निरुपद्रवी रंग काही मिळाला नाही. पण त्याआधीच एक उपाय निघाला होता, तो आम्हाला फार बोलका वाटतो. वनस्पतीत ५ टक्के तिळाचे तेल घालणे कारखान्यांना सक्तीचे होते. तिळेलात असे द्रव्य असते की विशिष्ट आम्ल आणि फरफ्युरल घातले की ते लालसर गुलाबी होते. तुपाचा नमुना गुलाबी झाला की समजावे, यात वनस्पती आहे. आपल्या घाण्यावरचे तेल कारखान्याच्या डब्यात गेले ते साक्षीदार म्हणून. पण साक्ष फक्त भेसळीची होती. खुद्द वनस्पती तब्येतीला काय करते, हे त्यावेळी कोणी विचारत असले तरी उत्तर कोणापाशी नव्हते.

पुढे आपले लोक इस्राएलला गेले. तिथे काटकसरीची, ‘त्सेना’ची वर्षे चालू होती. रेशनकार्डावर तेल मिळे आणि मार्गारीन मिळे. मार्गारीन म्हणजे तिथला डालडाच, आणि तोही पारवे. केकमध्ये मार्गारीन, बोरेकासमध्ये मार्गारीन, शुक्रवारच्या बिस्किटांत मार्गारीन. आपल्या बायकांना नवीन काही शिकावे लागले नाही, डब्याचे फक्त नाव बदलले.

दोष कळला तो १९९० साली. हॉलंडमधल्या मेन्सिंक आणि कॅटन या दोघांनी दाखवले की अर्धवट हायड्रोजन मिसळलेल्या तेलात जी ट्रान्स चरबी तयार होते, ती रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढवते आणि चांगले कमीही करते. तूप किंवा खोबरेल पहिलेच काम करतात, ही चरबी दोन्ही. २००३ साली डेन्मार्कने सर्वांत आधी कायद्याने तिच्यावर मर्यादा घातली. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने ती जगातून काढून टाकायची मोहीम जाहीर केली. सौदी अरबस्तानने २०२० मध्ये अशा तेलांवर बंदी घातली. भारतात तेला-तुपातल्या ट्रान्स चरबीची मर्यादा २०२१ साली ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के झाली. डालडा आल्यापासून मधे ८५ वर्षे गेली. आमच्या तीन काकांचे सगळे आयुष्य त्या ८५ वर्षांत बसते. कोणाच्या छातीत काय कशामुळे झाले, हे डॉक्टरही एका डब्याकडे बोट दाखवून सांगणार नाहीत, आम्हीही सांगत नाही. पण ‘पारवे आहे’ हे उत्तर ज्या प्रश्नाचे होते, तो प्रश्न तब्येतीचा नव्हता, एवढे आता तरी आपण वेगळे करावे. हेखशेरचा शिक्का रब्बी देतो, आणि तो देताना रब्बी रक्त तपासत नाही.

आता फळीवरच्या बाटल्यांकडे पुन्हा पाहू. थंडीत थिजते ती चरबी बहुतेक संपृक्त, पातळ राहते ती असंपृक्त, हा ढोबळ नियम स्वयंपाकघरात पुरतो. खोबरेलात संपृक्त भाग ८० टक्क्यांच्या वर असतो, तुपात साठाच्या आसपास, पामतेलात जवळजवळ निम्मा. शेंगदाण्यात तो वीसच्या आत, तिळात आणि जैतुनात पंधराच्या आसपास, सूर्यफुलात दहा-अकरा. म्हणजे ज्या दोन तेलांवर शनिवार तेली जगले, तीळ आणि पुढे शेंगदाणा, ती दोन्ही चांगल्या बाजूला बसतात. खोबरेल मात्र नाही. हे लिहिणे आम्हाला जड जाते, पण लिहायला हवे, कारण हल्ली खोबरेल म्हणजे अमृत असे सांगणारे फार झाले आहेत. २०२० साली १६ चाचण्यांचा एकत्र हिशेब प्रसिद्ध झाला; इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत खोबरेलाने वाईट कोलेस्टेरॉल दर डेसिलिटरला सुमारे १० मिलिग्रॅम अधिक निघाले. कोकणातल्या माणसाला ते फारसे बाधत नसेल तर त्याचे कारण खोबऱ्यात शोधू नये. तो दिवसभर चालत होता, मासळी खात होता आणि नारळ विकत होता.

जैतुनाच्या बाजूने पुरावा मजबूत आहे. स्पेनमध्ये सात हजारांहून जास्त माणसांवर झालेल्या प्रेडिमेड चाचणीत जैतुनाचे तेल किंवा सुका मेवा भरपूर घेणाऱ्यांत झटके आणि पक्षाघात सुमारे ३० टक्क्यांनी कमी दिसले. आत्याचे म्हणणे खरे, मात्र वालाच्या बिरड्याला जैतुनाची फोडणी दिली की ते बिरडे राहत नाही, असे काकींचे म्हणणे, आणि तेही खरे. स्पेनच्या माणसाला जे तेल घरचे वाटते ते आपल्याला वाटावे अशी सक्ती नाही. बाबेलच्या लोकांना जो न्याय मिळाला, तो आपल्या फोडणीला मिळायला काय हरकत आहे?

लाकडी घाण्याच्या तेलाबद्दल दोन शब्द. ते आता महाराष्ट्रात शहरोशहरी मिळते, विजेवर फिरणाऱ्या लाटेतून निघते, आणि बर दुबईतही त्याच्या बाटल्या आल्या आहेत, रिफाइंडच्या दीड-दोनपट किमतीला. त्याला वास आहे, चव आहे, आणि शुद्ध करताना निघून जाणारी काही द्रव्ये त्यात शिल्लक राहतात. शेंगदाण्याचे तेल मात्र घाण्याचे असो की कारखान्याचे, त्यातल्या चरबीचा प्रकार तोच आणि ग्रॅममागे ९ कॅलरी त्याच. बाटलीवर बैलाचे चित्र आहे म्हणून दोन पळ्या जास्त घालता येत नाहीत. आमच्यात हा मोह मोठा आहे, कारण ते चित्र आपल्या आजोबांचे आहे असे वाटते.

माप सांगायचे तर, भारतीय आयुर्विज्ञान परिषदेने बैठे काम करणाऱ्या पुरुषाला रोज २५ ग्रॅम आणि बाईला २० ग्रॅम वरून घातलेले तेल-तूप पुरे मानले आहे. वीस ग्रॅम म्हणजे जेमतेम साडेचार चहाचे चमचे. चौदा माणसांच्या आमच्या घराने आठवड्यात किती वापरावे याचा हिशेब सुनेने मांडला तेव्हा तो सव्वादोन लिटरच्या आसपास आला. गेल्या वर्षी आम्ही आठ दिवसांत पाच लिटरचा कॅन रिकामा केला होता, आणि फरसाण, खारी, बाहेरचे पराठे यांतले न दिसणारे तेल त्यात धरलेले नव्हते. खारी आणि पॅकबंद बिस्किटे घेताना पुड्याच्या मागची बारीक अक्षरे वाचायची. ‘हायड्रोजनेटेड’ किंवा ‘व्हेजिटेबल घी’ हे शब्द दिसले तर पुडा परत फळीवर. इस्राएलमध्ये २०२० पासून संपृक्त चरबी जास्त असलेल्या पाकिटावर लाल गोल छापतात, त्याची तिथल्या मुलांना इतकी सवय झाली आहे की ती इथल्या दुकानातही तो गोल शोधतात.

यंदा बर दुबईच्या घरी ठरले ते असे. रोजच्या फोडणीला शेंगदाणा, अधूनमधून तीळ. कोशिंबिरीला, हुमुसला आणि शुक्रवारच्या हल्ल्याबरोबर बुडवायला जैतून. मटण असेल त्या दिवशी पुलाव तेलात, आणि वरून तळलेला कांदा निम्मा. तळणीचे तेल दुसऱ्यांदा कढईत नाही. वनस्पतीचा डबा नाही, मार्गारीनही नाही. केक करायचाच तर तेलाचा. तिळाच्या बाबतीत एक जुळणी आपसूक झाली. ठाण्याच्या काकी तिळकूट घेऊन आल्या होत्या, लोदच्या मुलांनी त्यात लिंबू, लसूण आणि पाणी घालून तहिना करून टाकला, आणि तो भाकरीबरोबर संपला.

नारळावर मात्र बराच वेळ वाद झाला. रोजच्या आमटीतून त्याचा रस कमी करायला सगळे तयार झाले, मासळीच्या कालवणातून काढायला कोणी नाही. खोबरेलाची बाटली स्वयंपाकघरातून निघाली आणि शब्बाथच्या दिव्याशेजारी जाऊन बसली. चिकाचा हलवा पूर्वीसारखाच, पहिल्या दाट दुधाचा, हात दुखेपर्यंत घोटून. वडी फक्त पूर्वीच्या निम्म्या मापाची कापली.